राक्षसाची लेव्हल कोण ठरवतं?

(विद्यार्थ्यांच्या वाचनगटासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय कळल्यावर दोघा-तिघांनी आधीच विचारलं, की स्कॉलरशिप रखडली आहे, नेट-सेटचा अभ्यास डोक्यावर आहे, आणि तुम्ही राक्षसांच्या खेळावर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. पण आपल्यातले बरेच जण शिकायला किंवा नोकरीला बंगळुरू, हैदराबाद, दिल्लीला गेले आहेत. तिथे शनिवारी रात्री कुणाच्या तरी फ्लॅटवर हा खेळ मांडलेला असतो आणि आपल्यालाही बोलावणं येतं. जाऊन बसायचं तर तो खेळ कसा बांधलाय ते माहीत असलेलं बरं.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तो गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. आपलं पात्र काय करतं ते आपण बोलून सांगायचं, जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात मुखवटा चढवला की माणूस देव होतो नाहीतर राक्षस होतो, तसंच हे सोंग, फक्त मुखवट्याच्या जागी एक कागद असतो. त्याला म्हणतात कॅरेक्टर शीट. त्यावर सहा गुण आकड्यांत लिहिलेले: शक्ती, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि लोकांवर पडणारा प्रभाव. आणि एक लेव्हल. खेळत जाल तशी लेव्हल वाढते.

आज मला बोलायचंय ते त्या कागदावरच्या एका रकान्याबद्दल. पात्र कोणत्या कुळात जन्मलं, हा तो रकाना. माणूस, एल्फ, ड्वार्फ असे सभ्य पर्याय आधीपासून आहेत. पण एखाद्याला ऑर्क व्हायचं असेल, गॉब्लिन व्हायचं असेल, मांजर किंवा ससा किंवा थेट राक्षस व्हायचं असेल तर? गेली पन्नास वर्षं नियमांची पुस्तकं या प्रश्नाला जी उत्तरं देत आली, ती वाचताना मला सारखी आपल्याकडची पुस्तकं आठवत राहिली.

सुरुवात मोकळी होती. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आणलं. त्या पहिल्या पुस्तिकेतच सांगितलंय, की खेळाडूला जवळपास काहीही होता यावं, अगदी ड्रॅगनसुद्धा. अट एवढीच, की त्याने कोवळ्या, कमजोर ड्रॅगनपासून सुरुवात करावी आणि बाकीच्यांसारखंच चढत जावं. मला ही अट न्याय्य वाटते. सगळे शून्यापासून. पण त्याच पुस्तिकेत ड्वार्फ सहाव्या लेव्हलच्या पुढे जाऊ शकत नव्हता आणि हॉबिट चौथ्याच्या. माणसाला मर्यादा नव्हती.

१९७८ च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये या मर्यादांचे तक्तेच आले. त्यातला हाफ-ऑर्क पाहा, म्हणजे ज्याच्या आईबापांपैकी एक ऑर्क आहे असा. तो पुजारी झाला तर चौथ्या लेव्हलला थांबतो. लढवय्या झाला तर दहाव्याला. आणि मारेकरी, म्हणजे पैसे घेऊन खून करणारा झाला, तर कितीही वर जाऊ शकतो. देवळात चौथ्या पायरीपर्यंत आणि घाणेरड्या कामात मात्र आभाळापर्यंत. आपल्या माणसांना सफाईच्या कामाची वरची मर्यादा कोणत्या ऑफिसने घातली आहे सांगा!

त्याच पुस्तकात आणखी एक तक्ता आहे: कुणाला कोण आवडतं, कोण चालतं, कुणाचा तिटकारा आणि कुणाचा द्वेष. प्रत्येक जोडीपुढे एकेक अक्षर. ड्वार्फ आणि हाफ-ऑर्क यांच्यापुढे द्वेषाचं अक्षर छापलेलं आहे. म्हणजे दोन पात्रं एकमेकांना भेटण्याआधीच त्यांचा संबंध ठरला. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, ती समजवायला मला हा तक्ता कधी कधी उपयोगी पडतो. त्यात वर एक आणि खाली बाकी सगळे असं नाही. मधल्या प्रत्येकाला खाली बघायला कुणीतरी दिलेलं आहे.

१९७९ च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये गायगॅक्सने राक्षसी पात्रांवर वेगळा भागच लिहिला. त्याचं म्हणणं असं, की हा खेळ माणूस मध्यभागी ठेवून रचलाय, आणि ज्यांना राक्षस व्हायचं असतं त्यांना बहुतेक वेळा आयती ताकद हवी असते. खेळाची गणितं सांभाळणाऱ्या माणसाची ही अडचण मी समजू शकतो. एकाला उडता येतं, आग ओकता येते आणि दुसऱ्याकडे फक्त काठी आहे, असा खेळ रंगत नाही. पण वाचताना ओळखीची गोष्ट डोळ्यांत भरते. आत येऊ पाहणाऱ्याचा हेतू आधीच संशयित, आणि जो आत आहे त्याला हेतू विचारलेलाच नाही.

आता 'जन्मतः दुष्ट' या कल्पनेकडे येऊ. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये प्रत्येक प्राण्यापुढे त्याची नीती छापलेली आहे. ऑर्कपुढे दुष्ट. एखादा ऑर्क नाही, ऑर्क. ही जमात खेळात आली टोल्किनच्या कादंबऱ्यांतून, आणि १९५८ च्या एका पत्रात खुद्द टोल्किनने ऑर्कांचं रूप समजवायला मंगोल लोकांच्या चेहऱ्यांशी हिणवणारी तुलना केली होती. गायगॅक्सच्याच 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' या नवशिक्यांसाठीच्या साहसात गुहा आहेत. त्यात ऑर्क आणि गॉब्लिन राहतात, आणि प्रत्येक गुहेत लढणारे किती हे देताना बायका आणि पोरं किती हेही दिलंय. ती लढत नाहीत. बाप मेल्यावर त्या पोरांचं काय करायचं? यावर खेळाडू चार दशकं भांडताहेत. 'मोठी होऊन ऑर्कच होणार ना' असं म्हणणारे प्रत्येक टेबलावर निघतात.

आपल्या देशात १८७१ साली हे वाक्य कायदा झालं होतं. गुन्हेगार जमाती कायदा. पारधी, कैकाडी, कंजारभाट अशा कितीतरी जमातींची नावं नोंदवहीत चढली. पाळण्यातलं पोर त्या जमातीचं म्हणून संशयित, हजेरीला पात्र. १९५२ ला कायदा गेला, म्हणून ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. पोलीस ठाण्यातली नजर किती बदलली ते पारधी वस्तीतल्या कुणालाही विचारा.

आणि मग खुद्द राक्षस. हा शब्द आपल्याच भाषेतला, आणि त्या १९७७ च्या पुस्तकात तो आहे: 'रक्षासा'. चित्रात वाघाचं डोकं, अंगात गोऱ्या साहेबाचा घरात घालायचा भारी कोट, हातात पाइप, खुर्चीत ऐटीत बसलेला. मजकुरात म्हटलंय, की हे दुष्ट आत्मे प्रथम भारतात आढळले, आता सगळीकडे पसरताहेत, आणि त्यांना नरमांस आवडतं. हा राक्षस कुठल्या पोथीतून घेतलेला नाही. 'कोल्चॅक' नावाच्या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या एका भागात असा राक्षस होता, तिथून तो आला. त्याला मारायचा उपायही तिथलाच: मंत्रवलेला बाण. तो लागला की एका फटक्यात खेळ खलास. मंत्रवलेल्या बाणांनी आपल्याकडे कोण कोण मेलं ते या सभागृहात सांगायची गरज नाही.

जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त हा शब्द उलटा फिरवला होता. राक्षस म्हणजे मुळात रक्षक, जमिनीची आणि लोकांची राखण करणारे, आणि जिंकणाऱ्यांनी ते नाव शिवी करून टाकलं, अशी त्यांची मांडणी. भाषाशास्त्राचे प्राध्यापक या व्युत्पत्तीवर वाद घालोत. मला त्यांची पद्धत महत्त्वाची वाटते. कुणाच्या नावापुढे 'राक्षस' लिहिलेलं दिसलं की ते आधी विचारायचे, ही वही कुणी लिहिली? बळीराजाचं राज्य येवो म्हणून दिवाळीत ओवाळणाऱ्या आमच्या आजीने 'गुलामगिरी' वाचली नव्हती. पण पुराणात पाताळात दडपलेला तो असुर तिच्या लेखी चांगला राजा होता.

खेळाच्या पुढच्या एका आवृत्तीत याहून गंमत झाली. २००९ च्या 'प्लेयर्स हँडबुक २' मध्ये 'देवा' नावाचं कूळ खेळाडूंसाठी आलं. हे दैवी आत्मे मरून मरून पुन्हा जन्म घेतात. आणि त्यातला कुणी वाईट वागला तर पुढच्या जन्मी काय होतो? राक्षस. म्हणजे जो आज राक्षस आहे तो मागच्या जन्मीच्या पापाने. सिएटलजवळच्या एका कंपनीत बसलेल्या लेखकांना ही एक सुरस कल्पना वाटली असेल. आपल्या आज्या-पणज्यांना हेच ऐकवून पाणवठ्यावरून हाकललं गेलं.

बरं, खेळायचाच म्हटला राक्षस, तर? २००३ साली दोन गोष्टी झाल्या. 'सॅव्हेज स्पीशीज' नावाचं पुस्तक आलं, ते पूर्ण राक्षसी पात्रांवरच. आणि सुधारित 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये कुणाला किती लेव्हल मोजायची त्याचा हिशेब आला. राक्षसाच्या अंगचे जीव-फासे सात, त्याच्या जन्मजात शक्तींची किंमत म्हणून आणखी सात लेव्हल, एकूण चौदा. म्हणजे चौदाव्या लेव्हलच्या मित्रांबरोबरच त्याला बसता येणार. पण मार सोसायची ताकद मात्र सात फाशांचीच. मित्र चौदा फाशांचे घाव झेलतात, हा निम्म्यावर कोसळतो. कागदावर बरोबरी, मैदानात निम्मा जीव. त्या पुस्तकाचं एक मात्र मोठं काम झालं. त्याने राक्षसपणाच पायऱ्यांत वाटून दिला. ओगर व्हायचंय? मग पहिल्या लेव्हलला थोडा ओगर, पुढे आणखी थोडा, सहाव्याला पूर्ण. १९७४ च्या त्या कोवळ्या ड्रॅगनचं वचन एकोणतीस वर्षांनी कुणीतरी नियमात उतरवलं.

प्राण्यांच्या पात्रांची गोष्ट थोडी वेगळी आहे. इथे अडतं ते वाचेवर. खेळात 'अवेकन' नावाचा मंत्र आहे. जादूगार आठ तास बसून, हजार सोन्याच्या नाण्यांचं अकीक खर्चून एखाद्या जनावराला जागं करतो. पाचव्या आवृत्तीच्या नियमाने त्या जनावराची बुद्धी दहा होते, म्हणजे सर्वसाधारण माणसाएवढी, आणि त्याला एक भाषा बोलता येऊ लागते. कोणती? जादूगाराला येणाऱ्यांपैकी एक. आणि तीस दिवस ते जादूगारावर भारलेलं राहतं. आपल्यातले जे पहिल्या पिढीतले पदवीधर आहेत त्यांना याचं स्पष्टीकरण नको. आपल्यालाही वाचा मिळाली ती ज्याच्या हातात पुस्तक होतं त्याच्या भाषेत, आणि त्या भारलेपणातून बाहेर यायला काहींना तीस दिवस लागले, काहींना तीस वर्षं. कुरणातली आपली बोली त्या कागदावर कुठे लिहायची, हा रकाना मात्र नियमात नाही. तो आपणच पाडायचा.

हे सगळे नियम निसर्गाने दिल्यासारखे दिसतात, पण तेव्हाही दुसरे पर्याय होते. १९७६ चा 'बनीज अँड बरोज' घ्या. त्यात सगळेच ससे, कुणी त्यांना जागं करायची गरज नाही, आणि माणूस हे एक भयंकर संकट. १९७८ च्या 'रुनक्वेस्ट'मध्ये ट्रोल असो की बदक-माणूस, सगळ्यांना माणसासारखेच गुण मोजून दिलेले, नीतीचा रकानाच नाही. १९८२ च्या 'ट्रोलपाक'मध्ये ट्रोलांचा इतिहास आहे, जेवण आहे, देव आहेत. आणि त्यांच्यातही एका शापामुळे खुरटी जन्मणारी पोरं आहेत, ज्यांना बाकीचे ट्रोल राबवतात. राक्षसांना माणूस म्हणून लिहायला घेतलं, की त्यांच्यातली उतरंडही लिहावी लागते. हे त्या लेखकांना चाळीस वर्षांपूर्वी कळलं होतं.

अलीकडे मुख्य खेळही बदलला. २०१६ च्या पुस्तकात ऑर्क पात्राला बुद्धीत वजा दोन होते. २०२० मध्ये, अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतर रस्ते पेटलेले असताना, कंपनीने जाहीर निवेदन काढलं आणि त्या वर्षात तो वजा दोन काढून टाकला. तरीही २०२२ मध्ये 'हॅडोझी' हे माकडासारखं कूळ आलं. त्यांचा इतिहास असा, की एका जादूगाराने त्यांना पकडून, औषध पाजून हुशार केलं ते विकण्यासाठी. काळ्या वाचकांनी हे आपल्या गुलामगिरीचं विडंबन म्हणून दाखवून दिलं, कंपनीने माफी मागितली, मजकूर गेला. २०२४ च्या पुस्तकात 'रेस' शब्द जाऊन 'स्पीशीज' आला, ऑर्क पहिल्या पानापासून खेळता येतो, आणि जन्मावरून गुण वाढायचे थांबले.

मग ते आता कशावरून वाढतात? पार्श्वभूमीवरून, म्हणजे आधी काय काम करत होतात त्यावरून. शेतकरी असाल तर शक्ती, काटकपणा, शहाणपण. उमराव असाल तर शक्ती, बुद्धी, प्रभाव. शेतकऱ्याच्या यादीत बुद्धी नाही. डीएमने मान्य केलं तर स्वतःची पार्श्वभूमी बनवता येते, आणि कुणालाही वजा काही होत नाही, हे खरं. पण जन्माच्या रकान्यातून निघालेली गोष्ट धंद्याच्या रकान्यात जाऊन बसली, हे शेतमजुराच्या पोरांना लगेच दिसतं.

आता एक धोका. आपल्यातली नवी मुलं हे वाचून लगेच म्हणतात, 'सर, म्हणजे ऑर्क म्हणजे आपणच.' मला हे अजिबात पटत नाही. ऑर्कला खरोखर सुळे आहेत, अंगाचा रंग खरोखर वेगळा आहे. त्या जगात भेद शरीरातच आहे, आणि कथा एवढंच सांगते की भेद असला तरी प्रेमाने वागा. जातीत असं काही नाही. 'जातिनिर्मूलना'त बाबासाहेबांनी १९३६ मध्येच सांगितलं, की जात म्हणजे वंशावंशातली विभागणी नव्हे, एकाच वंशाच्या लोकांची सामाजिक विभागणी आहे. आपल्याला सुळे नाहीत. दलितासाठी ऑर्कचं रूपक घेतलं, की जे खोटं आहे ते आपणच खरं म्हणून कबूल करतो. साम्य आहे ते दोन वह्यांत: तक्त्यात आणि स्मृतीत, 'मॉन्स्टर मॅन्युअल'च्या रकान्यात आणि ठाण्याच्या हजेरीपटात. राक्षस खेळायचा तो या वहीचं लिहिणं आतून पाहायला.

एक अनुभव सांगतो. एका टेबलावर मी गॉब्लिन घेतला होता. ओळखी चालल्या होत्या, मी फक्त नाव सांगितलं. समोरच्याने हसत विचारलं, 'पूर्ण नाव?' मी म्हटलं, गॉब्लिनांना आडनाव नसतं. तो म्हणाला, 'गॉब्लिनचं नाही, तुझं.' पुढचे तीन तास मी खेळलो खरा, पण गॉब्लिन एकही विनोद करू शकला नाही.

म्हणून टेबल आपलं असावं असं मला वाटतं, आणि ते आता अवघड नाही. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केले. श्रेय देऊन कुणीही ते वापरू शकतं, बदलू शकतं, मराठीत आणू शकतं. आपल्याकडचं कुणी या खेळात लिहितं का, असंही मला विचारतात. कोलकात्याच्या मिमी मंडल लिहितात. स्वतःची दलित ओळख न लपवता विज्ञानकथा लिहिणाऱ्या मंडल २०१८ मध्ये ह्यूगो पुरस्काराच्या अंतिम यादीत होत्या. २०२२ च्या 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल' या पुस्तकात तेरा साहसं आहेत, सगळी गौरेतर लेखकांची, आणि त्यात बंगालच्या नद्यांच्या मुलखासारखा शंखभूमी नावाचा प्रदेश मंडल यांचा आहे.

तर आता कागद हातात घ्या. जेवणानंतर आपण राक्षस बनवणार आहोत. सहा गुणांचे फासे सगळ्यांना सारखेच, कुळावरून काही अधिक-उणे नाही. उडणं, रूप बदलणं अशा शक्ती लेव्हलप्रमाणे हळूहळू मिळतील, ओगरसारख्या, म्हणजे कुणी निम्म्या जिवाने बसणार नाही. नीतीच्या रकान्यावर काट मारा. त्याजागी लिहा: याला राक्षस पहिल्यांदा कुणी म्हटलं, आणि तेव्हा त्या माणसाला याच्याकडून काय हवं होतं, जमीन की काम की गप्प बसणं? हा सकाळी काय खातो आणि ते कोण रांधतं? याच्या घरी कोणती बोली आहे आणि बाजारात गेल्यावर कोणती? याच्यापेक्षा खालचं म्हणून हा कुणाला वागवतो? शेवटचा प्रश्न कुणी सोडायचा नाही, मीसुद्धा.

फासे पाच संच आहेत, तिघांत एक घ्यावा लागेल. ज्यांची शेवटची गाडी साडेनऊची आहे त्यांनी पुढच्या टेबलावर बसा, ते टेबल आधी संपवू.